सव्वासहाचं भूत

ओनोमिची, १८ मे १९९६

चिगुसा-सान,

हवेची चौकशी मी केली आणि तुम्ही उत्तर दिलंत असं समजू या. रिवाजाप्रमाणे दर पत्राची सुरुवात कोवळ्या पालवीने केली असती, तर अकरा वर्षांत मी एक अख्खं जंगल लिहून काढलं असतं.

'मिठाची बाई' वाचून झाली. तुम्ही म्हणाला होतात, झोप उडेल. माझी काही उडाली नाही. चाळिसाव्या पानावर लेखकाने तिला मिठागरात पाठमोरी उभी केली, इथवर छान. पण लगेच वळवायची काय घाई होती? एकदा तोंड दिसलं की संपलं. माझ्या दुकानात खुर्चीवर रोज पंधरा तोंडं येऊन बसतात, त्यातल्या एकाचीही मला कधी भीती वाटलेली नाही. भीती वाटते ती मानेची. मागून नुसती मान बघा कोणाची, सख्खा भाऊ असला तरी परका वाटतो.

त्यापेक्षा 'तेरावं बिऱ्हाड' घ्या. बारा बिऱ्हाडांची इमारत, टपालपेट्या तेरा. नवव्या पानावर पूल वाहून जातो, मग जिना तुटतो, मग फोन मुका होतो. कोणी बाहेर पडू शकत नाही. याला म्हणतात पुस्तक. माझं मत तुम्हाला पाठ असेल, तरी परत सांगतो: भयकादंबरीत बाहेर पडायला एक जरी वाट ठेवली, तरी सगळ्यात आधी भीतीच त्या वाटेने निघून जाते.

आमच्या फुसाएला ही पुस्तकं घरात चालत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. लग्नाला चौतीस वर्षं झाली, बाईने एक भयकथा वाचलेली नाही. म्हणून मी ती दुकानात टॉवेलांच्या कपाटात दडवतो. परवा गिऱ्हाइकाच्या तोंडावर टाकायला गरम टॉवेल उचलला, तर 'मिठाची बाई' त्याच्या मांडीवर पडली. फुसाए म्हणाली, मिठाची होती तर विरघळली कशी नाही?

आता शेवटचं पान. ज्या मासिकाच्या वाचकांच्या पानावर आपली ओळख झाली ते बंद पडलं, पण त्याचा नियम आपण चालू ठेवला याचा मला अभिमान आहे. पत्राच्या शेवटच्या पानावर एक भुताची गोष्ट. खरी की रचलेली, ते लिहिणाऱ्याने सांगायचं नाही आणि वाचणाऱ्याने विचारायचं नाही. फक्त अंगावर काटे किती आले ते मोजायचं, दहापैकी.

माझी गोष्ट: दर महिन्याच्या पाच तारखेला एक गृहस्थ केस कापायला येतात. या महिन्यात सकाळी आले, कापून गेले. दुपारी परत आले, केस कानाखाली आलेले. म्हणाले, "फार वाढलेत, महिना झाला ना." मी कापले. दोन्ही वेळचे केस झाडून दोन पिशव्यांत ठेवलेत. सकाळचे काळे आहेत, दुपारचे पांढरे.

आईंचे गुडघे कसे आहेत?

हिरोमु कामिहारा


साकाता, २ जून

कामिहारा-सान,

तुमच्या गिऱ्हाइकाला पाच काटे. सहा दिले असते, पण शेवटी तुमच्यातला न्हावी जागा झाला आणि एक कात्री जास्त चालली. पिशव्यांपाशी थांबायचं होतं. काळे-पांढरे मी मनात केलेच असते.

'मिठाच्या बाई'वरून मी भांडणार आहे. तोंड दिसलं की भीती संपते म्हणता? तोंड ओळखीचं निघालं आणि त्या तोंडाला आपण ओळखीचे नसलो तर? ती वळते तेव्हा नायकाची सख्खी बहीण असते. आणि ती त्याला काय विचारते? मीठ किती हवं? तुम्ही ते वाचून पुढच्या पानावर गेलात. मी तीन दिवस त्याच पानावर होते. शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे चाळीस पोरांचं सूप ढवळताना तेच डोक्यात. शेवटी मुख्य बाई म्हणाल्या, इगाराशी-सान, तळाला लागतंय.

'तेरावं बिऱ्हाड' चांगलं आहे, पण त्यात सगळे पन्नास पानं दार ठोठावतात. इतका आवाज असला की भीती वाटायला वेळ कुठे मिळतो?

आई बरी आहे. गुडघेही बरे. हल्ली चालते खूप.

शेवटचं पान.

एक बाई आहे, पन्नाशी उलटलेली, लग्न न झालेली. म्हाताऱ्या आईबरोबर राहते. रोज सकाळी सव्वासहाला दोघी समोरासमोर बसून जेवतात. भात, सूप, मुळ्याचं लोणचं. एका सकाळी म्हातारी जेवणाच्या काड्या खाली ठेवते, दोन्ही हात जमिनीला टेकून नीट वाकते आणि म्हणते, "रोज आपल्याकडे जेवते, फार संकोच वाटतो. आपण कोणाच्या घरच्या?"

आवाज आईचा. कपडे आईचे. हनुवटीवरचा तीळही आईचा. पण आई आपल्या मुलीशी इतक्या अदबीने जन्मात बोललेली नाही. बाई म्हणते, "आई, मी आहे." म्हातारी हसते, रस्त्यात पत्ता विचारणाऱ्याकडे बघून हसावं तशी. मग उरलेला भात संपवते आणि आपला वाडगा धुऊन ठेवते. एवढंच.

चिगुसा


ओनोमिची, १० जून

चिगुसा-सान,

चार काटे, आणि त्यातला एक जुन्या ओळखीखातर.

सकाळी सव्वासहा? मुळ्याचं लोणचं? भुताला काही अब्रू आहे की नाही? इतकी वर्षं तुमच्या गोष्टी वाचतो आहे. विहिरीतला हात आठवतो? दहापैकी नऊ दिले होते मी. त्या लेखणीतून वाडगा धुणारं भूत निघावं, याचं वाईट वाटलं.

दुसरं, भुताला काहीतरी हवं असतं. सूड हवा असतो, पाणी हवं असतं, नाहीतर कोणाचं तरी मूल हवं असतं. तुमच्या म्हातारीला हवंय काय?

आणि एक मला खरंच कळलेलं नाही. भूत नक्की कोण? म्हातारीच्या अंगात कोणी शिरलंय, की म्हातारी केव्हाच गेली आणि तिचं सोंग घेऊन कोणी बसलंय? वाचकाला कुठेतरी बूड टेकायला जागा हवी. मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मान जरा गार पडली, पण दुकानात पंखा चालू होता म्हणून ते धरलेलं नाही.

'कोणीतरी भात उष्टा केला' मिळालं का? जरूर वाचा. पहिली शंभर पानं फक्त एक वाडगा आहे आणि तो रोज थोडा रिकामा होतो. तुमच्यासारखाच लेखक आहे, जेवणाशिवाय भूत सुचत नाही. पण निदान त्याचं भूत भुकेलेलं तरी आहे.

पुढचा भाग लिहा. ही गोष्ट सुधारता येईल.

हिरोमु


साकाता, २५ जून

कामिहारा-सान,

भूत कोण ते नायिकेलाच कळत नाही, तर तुम्हाला कुठून सांगू? कधी तिला वाटतं समोरची खोटी आहे. कधी वाटतं आपणच खोट्या आहोत. परवा तिने आरशात जाऊन बघितलं.

'कोणीतरी भात उष्टा केला' आणलं, पण दहा पानांपुढे गेले नाही. हल्ली कुठलंच पुस्तक पुढे सरकत नाही. डोळ्यांचं काहीतरी असेल. आई बरी आहे.

म्हातारीला काय हवं ते विचारलंत, ते सांगते.

तिला घरी जायचंय. घरात बसून म्हणते, आता मी घरी जाते, फार वेळ झाला. फडक्यात सामान बांधते: एक टॉवेल, तीन संत्री, टीव्हीचा रिमोट. बाई कामावर असताना मंगळवारी ती निघाली. पायात काही नाही. रेल्वेच्या पुलापाशी एका मासेवाल्याने तिला थांबवलं, कुठे जाता म्हणून विचारलं. तिने ज्या गावाचं नाव सांगितलं ते चाळीस वर्षांपूर्वी धरणात बुडालं. मासेवाला बिचारा तिला ट्रकमध्ये बसवून तासभर ते गाव शोधत फिरला.

बाईचा धाकटा भाऊ सेंदाईला असतो. तो फोनवर म्हणतो, तिला तिथून हलव, अशा लोकांसाठी जागा असतात. बाईला ते करायचं नाही. कारण असं की आठवड्यातून एखादा क्षण म्हातारी परत आईच्या डोळ्यांनी बघते, नाव घेऊन हाक मारते आणि म्हणते, "दमलीस ना." मग गेली. पण अशा जागी पोचवल्यावर तो क्षण आला आणि समोर कोणीच नसलं तर?

कामावर जायलाच हवं. घरी ठेवली तर ती पुलावर जाणार. नायिकेने काय करावं, कामिहारा-सान? तुम्ही आयुष्यभर ही पुस्तकं वाचलीत. मी रचता रचता अडले आहे आणि दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही.

चिगुसा


ओनोमिची, ३ जुलै

चिगुसा-सान,

आठ काटे. मी शब्द मागे घेतो. बुडालेलं गाव म्हणजे कमाल आहे, आणि त्या मासेवाल्याने ते शोधावं हे तर मला शंभर वर्षांत सुचलं नसतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसवून मी पत्र पूर्ण वाचलं. त्याच्या अर्ध्या गालावर साबण वाळला.

आता अडलात ते सोडवू. उत्तर तुमच्या समोर आहे, 'तेरावं बिऱ्हाड' आठवा. तुमच्या गोष्टीला बाहेर पडायची वाट आहे हाच तिचा दोष आहे. म्हातारी सारखी निसटते आणि भीतीही तिच्यासोबत पुलावर जाते. दार बंद करा. बाहेरून कडी. मागच्या बाजूला खिडक्या असतील, त्यांना फळ्या ठोकायला लावा, आणि ठोकणारी नायिकाच हवी. आपल्या हाताने खिळे मारते आणि मग शांतपणे कामाला जाते. आतली हाका मारते आहे आणि ही सायकलवर बसते. बघा कशी जमते.

भाऊ काढून टाका. प्रत्येक कादंबरीत असा एक शहाणा भाऊ असतो आणि तो कधीच कामाला येत नाही. ते "दमलीस ना"ही काढा. तिथे गोष्ट रडकी होते.

एवढं केलंत तर दहा देईन. अकरा वर्षांत कोणाला दिलेले नाहीत, स्वतःलासुद्धा नाही.

हिरोमु


(पोस्टकार्ड)
साकाता, ९ जुलै

तुमचं ऐकलं. पुढच्या दाराला बाहेरून कडी आणि कुलूप लावलं. मागच्या दोन्ही खिडक्यांना फळ्या ठोकल्या, पहिल्या दिवशी अंगठ्यावर हातोडी बसली. आता कामावर जाताना पुलाचा विचार येत नाही. हाका येतात, पण शेजारचं घर शेतापलीकडे आहे. दुपारी उकडतं म्हणून मधल्या खोलीत पंखा आणि पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आहेत. काल संध्याकाळी कुलूप उघडलं तर ती दाराला टेकून बसली होती, नखं तुटलेली. मला म्हणाली, आपणही इथे अडकलात का? काटे मोजू नका. — चिगुसा


(तातडीचं पत्र)
ओनोमिची, १२ जुलै

इगाराशी-सान,

आपली ओळख नाही. मी न्हाव्याची बायको, फुसाए. यांची पाकिटं मी कधी उघडत नाही. पोस्टकार्ड उघडंच येतं, आणि आज ते माझ्या हातात पडलं.

मी यांना विचारलं, ही कोण बाई आणि घरात कोणाला कोंडते आहे? हे हसले. म्हणाले, गोष्ट आहे, छान जमली आहे, मीच सुचवलं. मला काही ते पटेना. मग टॉवेलांच्या कपाटातून मे महिन्यापासूनची सगळी पत्रं काढायला लावली आणि खुर्चीत बसून वाचली.

मला भुतांतलं काही कळत नाही, म्हणूनच कदाचित एका वाचनात कळलं. टीव्हीचा रिमोट फडक्यात बांधून निघतात ती भुतं नसतात. माझ्या मावशीने इस्त्री बांधली होती.

फळ्या आज काढा. कुलूपही. जुलै महिना आहे, आत गॅस आहे. तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. मावशीच्या वेळी आम्ही तिचा पाय खाटेला बांधला होता, हे मी यांनाही कधी सांगितलेलं नाही. पण मदत मागा. तुमच्या वस्तीत कोणीतरी समाजसेवेचं काम बघणारं असेलच, प्रत्येक वस्तीत असतं. लाज वाटेल, ती वाटू दे.

तार करणार होते. पण तार लग्नाला नाहीतर मयताला, तुम्ही उघडायच्या आधीच खाली बसाल. फोन करावा तर अकरा वर्षांत या माणसाने तुमचा नंबर घेतलेला नाही.

माझं चुकलं असेल आणि ही नुसती गोष्ट असेल, तर मला खुशाल मूर्ख म्हणा. मला आनंदच होईल.

फुसाए कामिहारा

चिगुसा-सान, नियम मोडतो आहे. खरं आहे का? — हिरोमु


ओनोमिची, २७ जुलै

चिगुसा-सान,

पंधरा दिवस झाले. फुसाए रोज टपालवाल्याची वाट बघते आणि तो गेला की माझ्याकडे बघते.

मी तुमची जुनी पत्रं काढून बसलो आहे आणि माझं डोकं चालेनासं झालंय. कुठलं पान खरं होतं? विहिरीतला हात? १९८९ ची ती नवरीची गोष्ट? त्या वर्षी तुम्ही लिहिलं होतंत की एका मुलीचं लग्न ठरतं आणि बरोबर आठ दिवस आधी नवरा मुलगा तिला ओळखेनासा होतो. मी सहा काटे दिले होते. तेही तुमचंच होतं का? अकरा वर्षं मी काय वाचत होतो ते आता मलाच सांगता येत नाही.

आणि पत्राच्या सुरुवातीच्या पानांवर तुम्ही लिहीत होता, आई बरी आहे. ते मी खरं धरत होतो. मागचं पान खोटं आणि पुढचं खरं, असंच मी आपलं समजून चाललो.

"दमलीस ना" काढा म्हणालो. दुकानात काम करताना ते आठवतं आणि वस्तरा खाली ठेवावा लागतो. फळ्या ठोका म्हणणारा माणूस मी आहे. तुमच्या आईंना काही झालं असेल तर ते माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे.

दोन ओळी लिहा. शिव्या दिल्यात तरी चालेल.

हिरोमु


साकाता, ५ ऑगस्ट

कामिहारा-सान, फुसाए-सान,

आई जिवंत आहे. हे आधी लिहिते.

तुमचं तातडीचं पत्र पंधरा तारखेला सकाळी अकराला आलं. मी शाळेत होते. टपालवाल्याने घंटा वाजवली, कुलूप बघितलं आणि दाराच्या फटीतून पाकीट आत सरकवलं. अर्धं आत गेल्यावर आतून कोणीतरी ते धरलं आणि सोडेना. त्याने ओढलं, आतल्या हातानेही ओढलं. मग आतून आवाज आला, "साहेब, एका अनोळखी बाईने मला इथे कोंडलंय. माझ्या मुलीला कळवा. ती शाळेत स्वयंपाक करते."

तीस वर्षांत मी इतकं भयंकर काही वाचलेलं नाही, कामिहारा-सान. टपालवाला पंचवीस वर्षांचा आहे, तो सायकल टाकून पळत शेतापलीकडे गेला. मी पोचले तेव्हा अंगणात पोलीस होता, वस्तीच्या समाजसेविका होत्या आणि आमच्या गल्लीतली अकरा माणसं उभी होती. कुलूप मीच उघडलं, सगळ्यांसमोर. आई बाहेर आली ती थेट माझ्याकडे बोट दाखवत. म्हणाली, हीच ती.

म्हणून तीन आठवडे पत्र नाही. तुमच्यावर रागावले होते. तुम्ही ओळखलं नाहीत म्हणून आधी, आणि फुसाए-सान यांनी ओळखलं म्हणून नंतर. आता राग ओसरला आहे आणि उरलेली बोलणी मलाच खायची आहेत. ताकाला जाऊन भांडं मी लपवलं. आई विसरते हे शब्द मला सुरुवातीच्या पानांवर लिहिता येत नव्हते. शेवटच्या पानावर लिहिता आले, कारण तिथे कोणी विचारणार नव्हतं. आणि मग तुम्ही विचारत नाही म्हणून मनात तुमच्याशी भांडत होते. फळ्या ठोका असं तुम्ही गोष्टीत सांगितलंत. हे खऱ्याला लागू करू नये एवढं मला कळत होतं. तरी ठोकल्या, कारण मला कोणीतरी सांगायला हवं होतं आणि सांगणारे तुम्ही एकटेच होता.

नवरीची गोष्ट रचलेली होती. विहिरीतला हातही. उगाच जुनं उकरू नका.

आता आई आठवड्यातून तीन दिवस वृद्धांच्या केंद्रात जाते, गाडी येऊन नेते; बाकीच्या दिवशी मी कामावर असले की समाजसेविका कोणाला तरी तिच्याजवळ बसवतात. फळ्या काढल्या, भिंतीला खिळ्यांची भोकं आहेत. पण पोलीस आल्याचं माझ्या भावाला, शिगेकीला कळलं आणि तो सेंदाईहून आला. तिकडच्या वृद्धाश्रमात एक जागा रिकामी झाली आहे. फॉर्म भरून माझ्या सहीपुरता ठेवून गेला. एकतीस ऑगस्टच्या आत पाठवायचा. त्याचं म्हणणं सरळ आहे: ताई, ती तुला ओळखत नाही. तू कोणासाठी घर धरून बसली आहेस?

 जुलैपासून तिने मला एकदाही नावाने हाक मारलेली नाही. तो क्षणही आता येत नाही. अनोळखी बाई म्हणून तिच्यासमोर बसायचं, ती घाबरते तरी रोज बसायचं, हे मी तिच्यासाठी करते की माझ्यासाठी? तुम्हाला काय वाटतं?

चिगुसा


ओनोमिची, १० ऑगस्ट

चिगुसा-सान,

पत्र फुसाएने मोठ्याने वाचलं. आई जिवंत आहे हे वाक्य तिने दोनदा वाचलं आणि मग ती आत जाऊन तांदूळ धुवायला लागली. आमचे तांदूळ सकाळीच धुऊन झाले होते.

तुम्ही विचारलंत, मला काय वाटतं. मला वाटायचं ते सगळं वाटून झालं. भुतांबद्दल मी चार तास बोलू शकतो. खऱ्या म्हाताऱ्या बाईबद्दल बोलायला लागलो आणि तुमच्या घराला खिळे लागले. मी यापुढे तुम्हाला काय करा ते सांगणार नाही. सही करा, करू नका, मी तुमच्या बाजूला आहे. हे फार पुचाट उत्तर आहे, मला माहीत आहे.

फुसाए म्हणते, तिला विचारलं असतंत तर तीही सांगू शकली नसती. मावशीला शेवटी त्यांनी अशाच एका वृद्धाश्रमात ठेवलं. बरं केलं की वाईट, ते तिला अजून कळलेलं नाही, पंधरा वर्षं झाली. ती सुकवलेल्या मासळीचा डबा पाठवते आहे, मऊ जातीची, आईंना चावता येईल.

आमचा नंबर खाली लिहिला आहे. दुकानाचाही आणि घरचाही.

हिरोमु


साकाता, २९ ऑगस्ट

कामिहारा-सान, फुसाए-सान,

शाळा सोमवारी सुरू झाली. सगळी पातेली घासून झाली आहेत, पोरं घरी गेली आहेत आणि मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून लिहिते आहे. मासळी आईने खाल्ली. तिने विचारलं, कोणी दिली? मी म्हटलं, ओनोमिचीच्या न्हाव्याच्या बायकोने. ती म्हणाली, भली बाई दिसते, आपल्या नात्यातली का? मी हो म्हटलं.

सेंदाईचा फॉर्म काल परत पाठवला, सही न करता. शिगेकी फोनवर ओरडला. म्हणाला, पुढची जागा तीन वर्षं मिळायची नाही. त्याचं खरंही असेल. पुढच्या हिवाळ्यात मी त्याच्या पाया पडत असेन आणि तो म्हणेल, मी सांगितलं होतं. पण परवापर्यंत माझा हात सहीच्या चौकोनापाशी होता, पेन उघडलेलं. तो थांबला कसा, ते सांगते.

केंद्रातून आई येते तेव्हा तिच्या पिशवीत एक वही असते. दिवसभर काय खाल्लं, ताप किती, अंघोळ झाली का, असं तिथल्या मुली लिहितात, घरच्यांनी खाली उत्तर लिहायचं. मी रोज "आभारी आहे" लिहिते. वही फारशी वाचत नाही. वाचून काय, भात अर्धा खाल्ला. परवा फॉर्मवर आईची जन्मतारीख पडताळायची होती, ती वहीच्या पहिल्या पानावर 'तोमे इगाराशी' या तिच्या नावाखाली असते, म्हणून वही उघडली आणि शेवटचं पान उघडलं गेलं. तिथली मुलगी नवीन आहे, तिला बहुतेक अजून काय लिहायचं आणि काय नाही ते कळत नाही. आई जे बोलली ते तिने जसंच्या तसं उतरवून ठेवलं होतं.

मी नेहमी समजत आले की त्या घरात माझ्यासमोर कोणीतरी येऊन बसलंय. मी घाबरलेली आणि ती भूत. तुम्ही विचारलंत भूत कोण, तर मी आरशातसुद्धा बघून आले, तरी मला दिसलं नाही. तिच्या बाजूने बघा ना. ती आपल्या घरात आहे आणि एक बाई रोज सकाळी कुठूनतरी उगवते. तिला सगळी कपाटं ठाऊक आहेत. ती आपल्याला आई म्हणते.

वहीत लिहिलं होतं:

"तोमे-सान आज चहाच्या वेळी म्हणाल्या: माझ्या घरात एक बाई असते. कोण आहे, कुठून येते, मला माहीत नाही. विचारलं तर रडते, म्हणून आता विचारत नाही. आधी आधी ती आली की मला भीती वाटायची. हल्ली तिला यायला उशीर झाला की वाटते."

पावणेपाच झाले आहेत. गाडी तिला सव्वापाचला सोडते. निघते.

चिगुसा